नोव्हेंबर-डिसेंबरचा बिघडलेला हवामान अंदाज वाचायचा कसा आणि बागेतली कामं कुठल्या क्रमाने लावायची

दिवाळी उरकली की नाशिक जिल्ह्यात दरवर्षी असा एखादा आठवडा येतोच. सकाळी गारठा, दुपारी आभाळ, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर केशरी रंगाचा नकाशा आणि रात्री औषधांच्या दुकानासमोर गाड्यांची रांग. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाची फवारणी झालेली असते आणि त्यातली बरीचशी वाया जाते. कुणी ओल्या पानावर मारलेली असते, कुणी पावसाच्या तासभर आधी, तर कुणाकडे पाऊस येणारच नसतो.

मुळात आपण प्रश्नच अर्धा विचारतो. "पाऊस येणार का?" एवढंच विचारून थांबतो. या दिवसांतला पाऊस एक-दोन दिवसांचा असतो. त्याच्या मागे ढग राहतात, मग धुई (धुकं) येते आणि आभाळ उघडलं की थंडीचा कडाका. बाग यातल्या कुठल्याही दिवशी मार खाऊ शकते. म्हणून पावसाच्या एका दिवसाऐवजी आठवडाभराची साखळी वाचायची आणि कामं त्या साखळीच्या क्रमाने लावायची.

निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यातली द्राक्षबाग डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. सांगली-सोलापूरकडे छाटणीच्या तारखा वेगळ्या असतील, पण क्रम हाच. कांद्याचं मधे थोडक्यात आहे.

तयारी: आभाळ यायच्या आधी हाताशी काय हवं

ही तयारी दिवाळीच्या आसपास एकदाच करायची. आभाळ आल्यावर यातलं काहीच होत नाही.

पहिली गोष्ट वही. प्रत्येक प्लॉटसमोर वाण, गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तारीख आणि छाटणीपासून आजचा दिवस कितवा, ते लिहा. २० सप्टेंबरला छाटलेली बाग २६ नोव्हेंबरला ६७ दिवसांची असते, तर १५ ऑक्टोबरची ४२ दिवसांची, म्हणजे फुलोऱ्याच्या आसपास. पाऊस एकच, पण या दोन बागांची कामं वेगळी. वही नसेल तर घाईत दोन्हीकडे औषधाची एकच टाकी फिरते.

दुसरी गोष्ट पर्जन्यमापक. विकतचा नसेल तर तळापासून काठापर्यंत सरळ भिंतीचा डबा चालतो. मोकळ्या जागी ठेवा, झाडाखाली किंवा पत्र्याजवळ नको. डब्यात एक सेंटिमीटर पाणी साठलं की १० मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस एका एकरावर सुमारे ४० हजार लिटर पाणी टाकतो. ठिबक किती दिवस बंद ठेवायचं, ते या आकड्यावरूनच ठरतं.

तिसरी गोष्ट कमाल-किमान तापमापक. तो घराच्या ओट्यावर नको, बागेतच हवा आणि बागेतही सर्वांत खोलगट कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर. माझा तापमापक बरीच वर्षं ओट्यावर होता. एका डिसेंबरात तो ओढ्याकडच्या टोकाला मांडवाखाली टांगला. त्या पहाटे ओट्याजवळ ९ अंश होते आणि ओढ्याकडे ६. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून सरकत खोलगट जागेत साठते. दरवर्षी त्याच टोकाच्या घडांची फुगवण का मागे राहायची, ते मला त्या पहाटे कळलं.

फोनमध्ये भारतीय हवामान विभागाचं मुंबई केंद्राचं जिल्हानिहाय पान, शेतीच्या हवामान सल्ल्याचं 'मेघदूत' ॲप आणि विजेसाठी 'दामिनी' असू द्या. दामिनी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने बनवलं आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला, एवढं पुरे. पाचापेक्षा जास्त ठिकाणी पाहायला लागलं की माणूस आपल्याला हवा तोच अंदाज निवडतो.

पडताळा: ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारं फवारणीचं यंत्र) चालू करून पाहिला का? नोझल धुतले का? डिझेल आहे का? पाऊस थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर पुढचं सगळं वाचन फुकट जातं.

टप्पा १: अंदाज कुठला आणि कधीचा, ते आधी पाहा

नकाशा उघडल्यावर रंगाच्या आधी वरची तारीख आणि वेळ वाचा. फिरत येणारे नकाशे पुष्कळदा दोन दिवसांपूर्वीचे असतात, कधी तर मागच्या वर्षीचे. तारीख कापलेली असेल तर तो नकाशा पुसून टाका, पुढे पाठवू नका.

मग भाग पाहा. हवामान विभाग आपल्याकडे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग धरतो. नाशिक मध्य महाराष्ट्रात येतं, आणि कोल्हापूरही त्याच उपविभागात. "मध्य महाराष्ट्रात पाऊस" ही बातमी कागलची असू शकते, कळवणची नाही. म्हणून उपविभागाच्या मथळ्यावर थांबू नका, जिल्ह्याच्या तक्त्यापर्यंत जा.

दिवसाची मोजणीही समजून घ्या. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. २६ तारखेच्या अंदाजातला पाऊस २७ च्या पहाटे तीनला पडला तरी तो अंदाजात बसतो. "काल काहीच झालं नाही" म्हणून २६ च्या रात्री निर्धास्त झोपलेले लोक २७ च्या सकाळी ओली बाग पाहतात.

सावधान: उपग्रहाच्या आणि रडारच्या चित्रांवर वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवा. चित्रावर ०६:०० दिसलं तर ते आपल्या साडेअकराचं आहे.

टप्पा २: शब्द आणि रंग यांचा खरा अर्थ लावा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. हे शब्द पाऊस किती पसरेल ते सांगतात, किती पडेल ते सांगत नाहीत.

किती पडेल, त्याचे शब्द वेगळे. दिवसाला २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे 'हलका', १५.६ ते ६४.४ म्हणजे 'मध्यम', आणि ६४.५ पासून पुढे 'जोरदार'. आता हे बागेच्या नजरेने पाहा. हे वर्ग द्राक्षाच्या घडाचा विचार करून बसवलेले नाहीत. फुलोऱ्यातल्या घडाला १५ मिलिमीटर हा हलका पाऊस नव्हे. रात्रभर घड ओला राहिला तर ४ मिलिमीटरमध्येही कूज आणि गळ सुरू होते. 'हलका' हा शब्द वाचून निवांत बसणं ही माझ्या पाहण्यातली सर्वांत महागडी चूक आहे.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. घटना घडण्याची शक्यता आणि तिचा परिणाम, दोन्ही मिळून रंग ठरतो. रंगावरून मिलिमीटर काढता येत नाहीत. म्हणून रंगाखालची ओळ वाचा. तिथे 'विजांच्या कडकडाटासह', 'गारपीट', 'ताशी ३० ते ४० किलोमीटर वारे' यांपैकी काय लिहिलंय, त्यावर काम ठरतं. केशरी रंग वाऱ्यासाठी असेल तर मांडवाचे ताण आणि बांबू पाहायचे, गारपिटीसाठी असेल तर जाळी आणि आच्छादन.

थंडीच्या शब्दालाही माप आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आलं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असलं की 'थंडीची लाट' म्हणतात. ४ अंश किंवा त्याखाली गेलं तर सरासरी न पाहताही लाट धरतात. पण तुमच्या बागेला लाटेच्या घोषणेची वाट पाहण्याचं कारण नाही. ते पुढे येतं.

टप्पा ३: हवा कशामुळे बिघडली, ते ओळखा

कारण कळलं की पावसानंतर काय येणार, ते आधीच कळतं. या दोन महिन्यांत मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पहिला दक्षिणेकडचा. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा किंवा वादळ तयार होतं आणि पूर्वेकडून, आग्नेयेकडून ओलसर वारे येतात. डिसेंबर २०१७ मधलं ओखी गुजरात किनाऱ्याकडे सरकत विरलं, तेव्हा मुंबई-नाशिकला पाऊस झाला होता. या प्रकारात हवा दमट होते, रात्री उबदार होतात आणि आभाळ तीन-चार दिवस हटत नाही. पाऊस थोडा, ओल फार. डाऊनी (केवडा) आणि मागोमाग भुरी या बुरशीच्या रोगांना ही हवा मानवते.

दुसरा पश्चिमी विक्षोभ. उत्तर भारतातून सरकणारी ही प्रणाली आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त उंचावरचे ढग आणते. खरा परिणाम ती पुढे गेल्यावर दिसतो. आभाळ स्वच्छ होतं, उत्तरेचे कोरडे वारे उतरतात आणि दोन-तीन रात्रींत पारा घसरतो.

तिसरा प्रकार दोन्ही एकत्र येण्याचा, आणि तो सर्वांत वाईट. खाली पूर्वेकडची ओल, वर पश्चिमेकडची थंड हवा. ढग झपाट्याने वर चढतात, वीज आणि गारा येतात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी हेच घडलं आणि निफाडसह जिल्ह्यात उभ्या बागा झोडपल्या गेल्या. पत्रकात 'पश्चिमी विक्षोभ' आणि 'पूर्वेकडील वारे' हे दोन्ही उल्लेख एकाच परिच्छेदात दिसले, की मी बाकीची कामं बाजूला ठेवतो.

टप्पा ४: वहीत सात दिवसांची पट्टी आखा

आता फोनवरचं ॲप उघडा. त्यातलं ढगाचं चित्र सोडून द्या. तारखेखाली पाच आकडे लिहा: ढग, पाऊस, किमान तापमान, दवबिंदू, वारा.

दवबिंदूकडे आपलं लक्ष नसतं, आणि या दिवसांत तोच सर्वांत आधी बोलतो. हवेतली वाफ किती तापमानाला पाणी होऊन पानावर बसेल, तो हा आकडा. कोरड्या थंडीत तो ८-१० अंशांवर असतो. एक-दोन दिवसांत १६-१८ वर चढला, की ओल आली, आभाळ दिसो वा न दिसो. आणि रात्रीचं किमान तापमान दवबिंदूला टेकलं, वाराही पडलेला असला, तर पहाटे दव किंवा धुई येणारच.

समजा पट्टी अशी आली. सोमवारी निरभ्र, किमान ११, दवबिंदू ९. मंगळवारी ढग, किमान १५, दवबिंदू १४. बुधवारी हलका पाऊस, किमान १८, दवबिंदू १८. गुरुवारी अर्धं आभाळ, वारा नाही, किमान १६, दवबिंदू १६. शुक्रवारी उघडीप, उत्तरेचा वारा, किमान १२, दवबिंदू ९. शनिवारी ८, रविवारी ७.

फक्त पाऊस पाहणारा बुधवारची तयारी करेल. पट्टी वाचणाऱ्याला दिसतं की पान बुधवारी रात्रीही ओलं राहणार आणि गुरुवारच्या धुईत परत ओलं होणार. संरक्षणाची फवारणी मंगळवारी दुपारपर्यंत वाळली पाहिजे. नंतरची मोकळी खिडकी थेट शुक्रवारी आहे. आणि शनिवारपासून मुद्दा रोगाचा राहत नाही, थंडीचा होतो, तेव्हा जमिनीत ओल किती ठेवायची ते शुक्रवारीच ठरवायला हवं.

पडताळा: पट्टी दोन वेगवेगळ्या मॉडेलांवर काढा. दोन्ही एकच दिवस सांगत असतील तर त्यावर काम लावा. एक बुधवार आणि दुसरं शुक्रवार सांगत असेल तर खर्चाचं काम थांबवा, पण तयारी थांबवू नका. सकाळ-संध्याकाळ पट्टी दुरुस्त करा.

सावधान: दहा-पंधरा दिवसांपुढची तारीख दाखवणारं ॲप तारखेसाठी वाचू नका. हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. तो कल पाहायला चांगला आहे, मजुरांची बोलणी त्यावर करावी. फवारणी त्यावर ठरत नाही.

टप्पा ५: पावसाच्या ७२ तास आधीपासूनची कामं

क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग कॅनॉपी (वेलीवरचा पानांचा पसारा), मग फवारणी. उलट केलं तर फवारलेली पानंच काढून टाकायची वेळ येते.

७२ तास आधी ठिबक कमी करा आणि नत्राची खतं थांबवा. लुसलुशीत फुटीवर डाऊनी आधी बसते.

४८ तास आधी शेंडे आणि वांझ फुटी काढा, घडाभोवतीची गर्दीची पानं विरळ करा, म्हणजे वारा खेळेल. पण घड उघडे पाडू नका. पाठोपाठ थंडी आणि दुपारचं ऊन येणार आहे, उघड्या घडाला दोन्ही लागतात.

२४ तास आधी फवारणी, आणि तीही प्लॉट निवडून. सर्वांत आधी फुलोरा आणि सेटिंगमधली (मणी धरू लागलेली) बाग, म्हणजे साधारण ३५ ते ५० दिवसांची. मग मणी धरलेली. पाणी उतरलेल्या (मणी मऊ पडून गोडी भरू लागलेल्या) बागेत औषधाचा विचार करताना काढणीपूर्व काळ (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर) आणि निर्यातीचा माल असेल तर मालात उरणारा औषधाचा अंश यांचं गणित आधी करा. दुकानदाराच्या शब्दावर या अवस्थेत नवं औषध मारू नका, द्राक्ष संशोधन केंद्राची यादी उघडून पाहा.

स्पर्शजन्य औषध पानावर बसून काम करतं, ते पावसाने धुऊन जातं. आंतरप्रवाही औषधाला पानात शिरायला काही तास लागतात. दोन्हींना पान कोरडं हवं. म्हणून सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा आणि पाऊस यायच्या आत पान वाळेल एवढा वेळ सोडा. आभाळ डोक्यावर असताना काढलेली टाकी जमिनीला औषध पाजते.

बागलाणातल्या अर्ली बागांची गोष्ट निराळी. १ ऑगस्टला छाटलेली बाग नोव्हेंबरअखेर ११५ दिवसांच्या पुढे असते. माल तयार असेल तर पावसाच्या आत काढणं हेच औषध. व्यापारी आभाळ पाहून भाव पाडतो, हे खरं आहे. पण तडकलेल्या मण्यांना तोही भाव मिळत नाही. तोडणी मात्र कोरड्या घडांचीच करा.

कांदा असेल तर त्याच ४८ तासांत: काढून शेतात वाळत टाकलेला लाल कांदा गोळा करून उंचवट्यावर आणा. झाकताना बाजू मोकळ्या ठेवा, सगळीकडून घट्ट ताडपत्री बांधली की कांदा आतच घामेजतो. उन्हाळ कांद्याचं रोप गादीवाफ्यावर असेल तर पाणी निघायच्या चऱ्या मोकळ्या करा. सपाट वाफ्यातल्या रोपाला रात्रभर पाणी साठलं की मर लागते.

टप्पा ६: पाऊस चालू असताना आणि थांबल्यावर पहिले बारा तास

गडगडाट ऐकू आला की बागेतून बाहेर पडा. हे मनापासून सांगतो आहे, कारण आपण घड वाचवायच्या नादात शेवटपर्यंत आत असतो. मांडवाच्या तारा लोखंडाच्या, शंभर-दीडशे फूट सलग. वीज दूरच्या टोकाला पडली तरी तारेतून इकडे येते. तारेला हात नको, बांधावरच्या बाभळीखाली उभं राहणं नको, पंपाच्या स्टार्टरला हात लावणं नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास मोजा, मगच आत जा. मजुरांना हे आधीच सांगून ठेवा.

पाऊस थांबला की क्रमाने:

आधी डब्यातलं पाणी मोजून वहीत लिहा.

मग घडातलं पाणी उडवा. औषध न घेता नुसता ब्लोअर चालवा, फुलोऱ्यातल्या बागेत वेग कमी ठेवून. जमीन ट्रॅक्टर घेत नसेल तर माणसं लावून तारा हलक्या हाताने हलवा. घड जितका लवकर वाळेल तितकी कूज कमी.

मग वाफसा पाहा. मूठभर माती दाबा. गोळा होऊन पाणी सुटत असेल तर ट्रॅक्टर घालू नका, चाकोरी बसली की मुळ्या गुदमरतात.

फवारणी शेवटी, आणि पान कोरडं झाल्यावर. ओल्या पानावर औषध पातळ होऊन खाली ओघळतं. पान कोरडं आहे का, ते वरून पाहून ठरवू नका. मांडवाखाली वाका, घडाच्या मागचं पान बोटांत धरा. वरची पानं वाळल्यावरही आतली बराच वेळ ओली असतात. उघडीप मिळतच नसेल आणि ट्रॅक्टरही आत जात नसेल, तर शिफारस असलेल्या बुरशीनाशकाची धुरळणी हा मार्ग उरतो.

गारपीट झाली असेल तर घड कापायची घाई नको. आधी तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा: एक अख्ख्या ओळीचा, एक घडाचा जवळून, एक जमिनीवरच्या गारांचा. विमा असेल तर सूचना देण्याची मुदत तासांत मोजली जाते. तुमच्या विम्याच्या कागदात किती तास लिहिलेत, ते आजच वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तलाठी, कृषी सहाय्यक यांना कळवून पंचनामा मागा. फुटलेले मणी आणि जखमी काड्या यांची साफसफाई त्यानंतर, पण लांबवू नका, जखमेतून बुरशी शिरते.

टप्पा ७: आभाळ उघडलं, आता थंडी

ढग रात्री पांघरुणासारखे असतात. जमिनीची ऊब वर जायची ते अडवतात, म्हणून आभाळी रात्र उबदार. ढग हटले, वारा पडला, हवा कोरडी झाली की तीच ऊब मोकळी निघून जाते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, तो अशाच रात्रींनंतर.

बातमीतला आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंच असलेल्या, झडपांच्या पेटीतल्या तापमापकाचा असतो. उघड्या पानाचं आणि गवताचं तापमान त्याहून काही अंश खाली असतं. म्हणूनच पारा ४ वर असताना गवतावर दव गोठलेलं दिसतं. खोलगट प्लॉट असेल तर आणखी खाली धरा. तुमचा टांगलेला तापमापक इथे कामाला येतो: अंदाजातून तुमचा नेहमीचा फरक वजा करा आणि त्या आकड्यावर काम ठरवा.

किमान १० च्या खाली जाणार असं दिसलं की आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसा ऊब जास्त धरते आणि रात्री सावकाश सोडते. पावसाने जमीन आधीच भिजलेली असेल तर हे पाणी नको. पहाटे ठिबक चालवण्याचाही उपयोग होतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं. पाणी उतरलेल्या बागेत मात्र एकदम भरपूर पाणी देऊ नका. थंड रात्रीनंतर दुपारी ऊन तापलं की ताणलेला मणी तडकतो.

शेकोट्यांबद्दल एक गैरसमज काढायला हवा. आपण ओला पाला टाकून जास्तीत जास्त धूर करतो. ऊब देते ती आग. धुराने जमिनीची ऊब फारशी अडत नाही. एका मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि आजूबाजूची थंड हवा आत ओढते. त्यापेक्षा खोलगट बाजूला लहान लहान, अंतरावर ठेवलेल्या शेकोट्या बऱ्या. पहाटे तीन-चारपासून सूर्य वर येईपर्यंत त्या चालू हव्यात, कारण सर्वांत खालचं तापमान उजाडताना येतं. सहाला पेटवून उपयोग नाही. तारांपासून आणि पाचटापासून अंतर ठेवा, सोबत पाण्याची टाकी असू द्या.

थॉमसन, तास-ए-गणेश अशा हिरव्या वाणांत रात्रीचा गारठा आणि दुपारचं ऊन यांच्या फरकाने मणी गुलाबी पडतात. त्यावर घडांना कागद लावणं हाच उपाय, आणि तो पाणी उतरायच्या आत लावावा लागतो. गुलाबी छटा दिसल्यावर लावलेला कागद ती छटा घालवत नाही.

सावधान: थंडीत फुगवण थांबली म्हणून संजीवकांची (वाढीच्या औषधांची) मात्रा वाढवू नका. मुळी गारठलेली असते, वेल उचलत नाही. दोन-तीन दिवस ऊन मिळू द्या, मग ठरवा.

टप्पा ८: पाचव्या ते सातव्या दिवशी पान तपासा

पावसाच्या रात्री शिरलेली डाऊनी लगेच दिसत नाही. पानावर तेलकट डाग यायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, थंडी असेल तर आणखी. तोवर आभाळ निरभ्र असतं, सगळे थंडीचं बोलत असतात आणि पावसाचा विषय मागे पडलेला असतो. म्हणून पाऊस पडला त्या दिवशीच वहीत पाचव्या आणि सातव्या तारखेवर खूण करून ठेवा.

तपासताना रस्त्याकडची पहिली ओळ पाहून परत येऊ नका. ओढ्याकडची, सावलीतली आणि जिथे धुई उशिरा उठते ती ओळ पाहा. पान उन्हाकडे धरलं की तेलकट डाग पारदर्शक दिसतो. डाग डाऊनीचा आहे की दुसऱ्या कशाचा, ही शंका असेल तर संध्याकाळी चार-पाच संशयित पानं तोडा, ओल्या फडक्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि घरात उबेला ठेवा. सकाळी पिशवी उघडून पानाची खालची बाजू पाहा. डागाच्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी उगवलेली असेल तर ती डाऊनी, जिवंत आहे आणि पुढच्या धुईत पसरणार आहे. काही उगवलं नसेल तर दुसऱ्या संध्याकाळी नवी पानं घेऊन परत एकदा करा, मगच त्या प्लॉटची टाकी रद्द करा. पिशवीतली पानं बांधावर टाकू नका, जाळून टाका.